नगदी फोन, हप्त्याचा फोन आणि परदेशातून आलेला लॉक फोन: घेण्याआधीचा पूर्ण हिशोब

माझ्या मावसभावाने पोळ्याच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या धारूरला एक फोन हप्त्यावर घेतला. अठरा हजारांचा फोन, सहा हजार रोख आणि बाकीचे दीड हजाराचे आठ हप्ते. दसऱ्यानंतर तो आणि वहिनी कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, सांगलीकडे गेले, दोन्ही लेकरं मावशीजवळ गावी राहिली. मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या उचलीतले थोडे पैसे त्याने खात्यात ठेवले होते, त्यातून पहिले तीन हप्ते गेले. जानेवारी आणि फेब्रुवारीचे हप्ते चुकले. मग एका सकाळी फोनच्या पडद्यावर फायनान्स कंपनीचा नंबर आणि थकबाकीचा आकडा एवढंच उरलं. दोघांत फोन एकच. रोज संध्याकाळी लेकरांशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं, ते नऊ दिवस बंद पडलं.

पैसे बुडवणारा तो माणूस नाही. हंगाम संपल्यावर मुकादमाकडून हिशोब मिळणार होता आणि त्यात हप्ते सहज भागणार होते. पण हप्ता दर महिन्याला मागतो आणि आपल्याकडे पैसा हंगामाला येतो. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोंढ्यावर जातं, कापूस त्यानंतर, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत पगारावर असलेल्या माणसाला जो हप्ता झेपतो, तोच वडवणीच्या किंवा सेनगावच्या घराला मानेवर बसतो. फोनच्या जाहिराती पगारदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. म्हणून हा लेख मी हंगामावर जगणाऱ्या घरांसाठी लिहितो आहे. पगारदारांनाही तो उपयोगी पडेल.

फोन किती प्रकारे बांधलेला असू शकतो

फोन दोन वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधता येतो. लोक दोन्हींना नुसतं ‘लॉक’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

पहिली दोरी सिम कंपनीची. अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन, टी-मोबाइल अशा कंपन्या सिमसोबत फोनही विकतात. किंमत २४ किंवा ३६ महिन्यांत वाटून बिलात लावतात आणि बहुतेकदा तोवर फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालू देत नाहीत. ‘फोन फुकट’ अशी जाहिरात असते तेव्हाही बहुतेकदा फोनची पूर्ण किंमत मांडून दर महिन्याच्या बिलात तेवढी सूट देतात. मधेच कंपनी सोडली की राहिलेली सूट गेली आणि उरलेली किंमत अंगावर आली. बीडच्या माणसाला हे समजवायला एक शब्द पुरतो: उचल. आधी हातात काहीतरी मिळतं आणि ते फिटेपर्यंत दुसऱ्याच्या टोळीत जाता येत नाही.

असे बंधनाचे फोन आपल्याकडेही येऊन गेले आहेत. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून सीडीएमए फोन देण्याची योजना आणली. गावोगाव पहिला मोबाईल त्या योजनेतून पोचला, पण त्या फोनवर दुसऱ्या कंपनीची सेवा घेता येत नव्हती. २००८ साली एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन ३जी विकायला आणला, तोही ज्याच्याकडून घेतला त्याच्याच सिमवर चालायचा. २०१७ सालचा जिओफोन १,५०० रुपये अनामत ठेवून मिळायचा आणि त्यात फक्त जिओचंच सिम चालायचं. आज मात्र दुकानात मिळणारा जवळपास प्रत्येक स्मार्टफोन सिमच्या बाबतीत मोकळा असतो. आपल्याकडे बहुतांश लोक प्रीपेडवर आहेत आणि एका फोनमध्ये दोन सिम ठेवण्याची सवय आहे, त्यामुळे बांधलेला फोन इथे रुजला नाही.

दुसरी दोरी फायनान्स कंपनीची, आणि आपल्याकडे खरी गाठ हिच्याशी पडते. सिम कोणतंही घाला, पण हप्ता चुकला तर फोनच बंद. काही फोनमध्ये दुकानदार फोन चालू करून देताना एक ॲप बसवतो. काहींत ही सोय फोन बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेतच असते, सॅमसंगची नॉक्स गार्ड हे त्याचं उदाहरण. असं कुलूप फोन पूर्ण रिसेट केला तरी निघत नाही.

पायरी पहिली: घरात पैसा कधी येतो ते कागदावर मांडा

दुकानात जायच्या आधी एका कागदावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात नक्की येणारा पैसा मांडा. दुधाचे दर दहा दिवसांनी, मजुरीचे आठवड्याला, सोयाबीनचे एकदाच, पीएम किसानचे चार महिन्यांतून एकदा २,००० रुपये. येऊ शकेल असा पैसा धरू नका. पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, कोणाकडून येणं असलेली उसनवारी यांतलं काहीच नाही. मग त्याच महिन्यांसमोर ठरलेला खर्च लिहा: जूनमध्ये बी-बियाणं आणि खत, शाळा उघडताना वह्या-पुस्तकं, लातूरला शिकवणीला पोर असेल तर खोलीभाडं आणि मेस.

आता हप्त्याचे सहा-आठ-दहा महिने या कागदावर ठेवून बघा. एकाही महिन्यात उरलेला पैसा हप्त्याच्या दुपटीपेक्षा कमी दिसला, तर मी त्या घराला हप्त्यावर फोन घेऊ नका असंच सांगतो. दुप्पट म्हणायचं कारण असं की गावात एक दवाखाना किंवा एक लग्न मधे आलं की महिन्याचं गणित तिथेच मोडतं.

मार्च ते सप्टेंबर हा आपल्याकडचा सगळ्यात कोरडा काळ. दिवाळीच्या ऑफरवर घेतलेल्या दहा महिन्यांच्या हप्त्यातले शेवटचे पाच-सहा हप्ते नेमके तिथे येतात. याउलट सोयाबीनची पट्टी हातात असते तेव्हाच दसरा-दिवाळीची सूटही असते, म्हणून नगदी घ्यायला आपल्याकडे तोच काळ सगळ्यात चांगला.

पायरी दुसरी: ‘शून्य टक्के’ किती टक्क्यांनी पडतं ते काढा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथे चांगली शिकलेली माणसंही फसतात.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपाने गिऱ्हाइकाकडून घेतलं जातं, नाहीतर नगदी घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला नाकारून वसूल होतं. आपल्याला फक्त ते शोधून काढायचं आहे.

भावाच्या फोनसारखंच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या दुकानातले तुम्ही घाला. हप्त्यावर किंमत १८,००० रुपये. तोच फोन नगदी घेतला तर दुकानदार १७,२०० ला देतो, म्हणजे ८०० रुपयांची सूट गेली. प्रोसेसिंग फी ७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ८२६. दोन्हींची बेरीज १,६२६ रुपये. ही झाली जादा रक्कम.

कर्ज कागदावर १२,००० चं दिसतं. पण १,६२६ रुपये आपल्याच खिशातून गेले, त्यामुळे खऱ्या अर्थाने आपल्याला मिळाले १०,३७४. त्याच्या बदल्यात आपण दीड हजाराचे आठ हप्ते भरणार. घरच्या घरी मांडायचं गणित असं: जादा रक्कम गुणिले २,४००. आलेल्या आकड्याला भागायचं प्रत्यक्षात मिळालेल्या रकमेने आणि हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने. इथे १,६२६ गुणिले २,४००, भागिले १०,३७४, भागिले ९. उत्तर जवळपास ४२ येतं. तंतोतंत हिशोब केला तर साधारण ४० टक्के निघतात. साधं गणित एक-दोन टक्के जास्त दाखवतं, पण दुकानात उभं राहून ठरवायला ते पुरेसं आहे.

वर्षाला ४० टक्के म्हणजे गावच्या भाषेत शेकडा सव्वातीन रुपयांच्या वर. सावकार शेकडा तीन म्हणाला तर आपण अंगावर काटा आल्यासारखे मागे सरतो. फोनच्या काउंटरवर त्याहून जास्त द्यायला मात्र आनंदाने सही करतो, कारण तिथे ‘०%’ असं मोठं लिहिलेलं असतं.

यात मी काचेचा विमा धरलेला नाही. तो बहुतेक वेळा न विचारता जोडला जातो: हजाराच्या आसपास रक्कम, कधी हप्त्यात मिसळलेली. ‘हे कंपल्सरी आहे का?’ असं विचारा. ऐच्छिक असेल तर नको म्हणा. लेकरांच्या हातात फोन राहणार असेल आणि विमा हवा असेल, तर तो स्वतंत्र पावतीवर घ्या. काच फुटल्यावर तुमच्या खिशातून किती जाणार आणि दुरुस्ती कुठल्या गावात होणार, हे आधी विचारा. सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला किंवा नांदेडला असेल, तर दोन खेपांचं एसटीचं भाडं आणि दोन बुडालेल्या मजुऱ्या हाही खर्चच आहे.

क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्याचं गणित थोडं वेगळं. तिथे व्याजाइतकी सूट सुरुवातीला देतात आणि व्याज बँक महिन्याला घेत राहते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच अंगावर येतो आणि बहुतेक बँका वर प्रोसेसिंग फीही लावतात. पगारदार माणसाने वेळेवर भरलं तर हा प्रकार त्यातल्या त्यात स्वस्त पडतो. कोणा नातेवाइकाचं कार्ड वापरणार असाल, तर हप्त्याच्या चार दिवस आधी त्याच्या हातात पैसे पडले पाहिजेत. या कारणावरून तुटलेले संबंध मी पाहिले आहेत.

पायरी तिसरी: नगदीचे रस्ते आधी संपवून बघा

माझं मत उघड आहे: जमत असेल तर नगदी घ्या, त्यासाठी फोन एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल. सहा हजार रोख भरायची ताकद असेल, तर त्यात दोन-तीन महिन्यांची बचत घालून साधा ५जी फोन नगदीत येऊ शकतो. लग्नाच्या व्हिडिओसाठी भारी कॅमेरा लागतो हे खरं आहे. पण यूपीआय, पोरांचे क्लास, ई-पीक पाहणी आणि व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल, तर अठरा हजारांच्या फोनने ते काही वेगळं होत नाही. त्यापेक्षा सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. पैसे फोनमधूनच जातात-येतात, म्हणून ही बाब कॅमेऱ्यापेक्षा मोठी.

बाजारात आलेल्या फोनची किंमत साधारण चार-सहा महिन्यांत उतरते. घाई नसेल तर थांबा. संभाजीनगरच्या पैठण गेटला किंवा आपल्या तालुक्याच्या गावात तीन दुकानं फिरा आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच ठेवा: ‘नगदीत शेवटचा भाव काय?’ हप्त्याचा विषय तोवर काढूच नका. हप्त्यावर माल गेला की दुकानदारालाही बऱ्याचदा कमिशन मिळतं, त्यामुळे तो तुम्हाला तिकडे वळवणार हे धरून चाला. ऑनलाइन भाव मोबाईलवर दाखवला तर काही जण तेवढ्यावर येतात. नाही आले, तरी ओळखीचं दुकान दोन-तीनशेने महाग असेल तर मी तिथूनच घेतो. बिघाड झाला तर बोलायला समोर माणूस असतो.

पायरी चौथी: हप्ताच घ्यायचा ठरला तर सहीच्या आधी

कधी कधी हप्त्याशिवाय मार्ग नसतो. पोरगी नीटच्या तयारीला लातूरला चालली आहे आणि जुना फोन बंद पडला आहे, अशा वेळी थांबा म्हणणं सोपं नाही. तेव्हा पुढचं एवढं करा.

मुख्य तथ्य विवरण मागा. दुकानात त्याला ‘केएफएस’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या आदेशानुसार किरकोळ कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला तो कागद द्यावाच लागतो, आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. ‘मराठीत द्या’ म्हणणं हा तुमचा हक्क आहे. त्या कागदात ‘एपीआर’ या शब्दासमोरचा टक्का बघा. सगळे खर्च धरून वर्षाला पडणारा खरा दर तोच. कंपनी न मिळालेली नगदीची सूट त्यात धरत नाही, तेवढी तुम्ही मनात वाढवा.

त्याच कागदात आणखी तीन गोष्टी शोधा. हप्ता चुकला तर दंड किती. मुदतीआधी सगळे पैसे भरले तर जादा आकार आहे का, कारण सोयाबीनचे पैसे आले की उरलेलं कर्ज एकदम फेडता आलं पाहिजे आणि हंगामी घराला ही सोय सोन्यासारखी आहे. आणि हप्ता थकला तर फोन लॉक करण्याचं कलम आहे का, असेल तर किती दिवसांनी. दुकानातलं पोरगं ‘काही होत नाही, लॉक-बिक करत नाहीत’ म्हणालं तर त्याला ते कलम बोट ठेवून दाखवायला सांगा.

सही बहुतेकदा अंगठ्याने किंवा ओटीपीने होते. दुकानदार म्हणतो, ‘ओटीपी सांगा’, आपण सांगतो आणि कर्ज झालेलं असतं. ओटीपीचा मेसेज आधी स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर सोबत नेलेल्या पोराला वाचायला सांगा. त्यात रक्कम लिहिलेली असते. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त दिसली तर तिथेच थांबा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘माझ्या नावावर लोन बसत नाही, तुझं आधार दे, हप्ता मी भरतो’ असं कोणी म्हणालं, अगदी सख्खा मित्र किंवा मेहुणा, तरी देऊ नका. फोन त्याच्या हातात राहील आणि कर्ज तुमच्या नावावर. थकलं की ते तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, चढतं. उद्या ठिबकासाठी, ट्रॅक्टरसाठी किंवा पोराच्या शिक्षणासाठी बँकेत गेलात की तो अठरा हजारांचा फोन तिथे समोर येतो. आपलं रेकॉर्ड काय सांगतं ते वर्षातून एकदा फुकट बघता येतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांनी दर वर्षी एक अहवाल मोफत द्यायचा असतो.

पायरी पाचवी: कोणत्या खात्यातून कापायचं

हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी घेतात, तिला मँडेट म्हणतात. कोणतं खातं द्यायचं हे फोन निवडण्याइतकंच विचार करून ठरवा.

पीएम किसान, नमो शेतकरी, घरकुलाचा हप्ता, लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० रुपये ज्या खात्यावर येतात, ते खातं मँडेटला देऊ नका. थकलेला हप्ता कंपनी पुन्हा पुन्हा कापायला लावते आणि खात्यात पैसा पडताच तो उचलला जातो. औषधासाठी किंवा खतासाठी धरलेली रक्कम अशी परस्पर गेलेली मी आमच्याच गल्लीत पाहिली. दुसरं खातं द्या आणि हंगामात पैसा हातात येताच पुढच्या सगळ्या हप्त्यांची रक्कम एकदम त्यात टाकून ठेवा. एटीएम कार्ड घरातल्या सर्वांत शिस्तीच्या माणसाकडे द्या. आमच्याकडे ती मावशी आहे.

खात्यात पैसे कमी पडले की दोन दंड लागतात, एक फायनान्स कंपनीचा आणि दुसरा तुमच्या बँकेचा. मिळून पाचशे-सातशे रुपये सहज जातात. शिल्लक हप्त्याच्या दोन दिवस आधी बघा. कमी असेल तर कंपनीच्या ॲपवरून किंवा कार्यालयात आधीच भरून टाका आणि पावती ठेवा.

पायरी सहावी: खोकं उघडताना

सील तुमच्यासमोर तोडायला लावा. *#०६# दाबलं की पडद्यावर १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो, दोन सिमच्या फोनला दोन. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग सरकारच्या संचार साथी ॲपवर तोच आकडा टाका. किंवा इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून, आकडा १४४२२ वर एसएमएस करा. कंपनी आणि मॉडेल बरोबर आलं पाहिजे.

बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं आणि आयएमईआय लिहिलेलं हवं. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेलाच असतो. ‘बिल नको असेल तर दोनशे कमी’ या बोलीला भुलू नका. फोन आठवडी बाजारात चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवर तो ब्लॉक करायचा असतो, तेव्हा हेच बिल लागतं. बिलाचा फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये ठेवा. आपल्याच फोनमध्ये ठेवला तर तोही फोनसोबत जातो.

नगदी घेतलेल्या फोनमध्ये लॉकचं ॲप नसावं. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ (फोनवर ताबा असलेल्या ॲपची यादी) शोधा, तिथे कुठल्या फायनान्सचं नाव दिसलं तर दुकानातच विचारा.

दोन्ही सिम घालून फोन लावून बघा. मोकळ्या फोनचा खरा फायदा इथे कळतो. बालाघाटाच्या डोंगरातल्या तांड्यावर एका कंपनीची रेंज असते, सांगलीच्या फडात दुसऱ्याच कंपनीची. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर १९०० वर पोर्टचा एसएमएस करायचा. अट एवढीच की सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेलं नसावं. पण बदलण्याआधी शेजाऱ्याचं सिम घालून विहिरीवर, शेतात आणि घराच्या आतल्या खोलीत रेंज बघा.

परदेशातून आलेला फोन

आपल्या भागातली पोरं आता अमेरिकेत आहेत, आखातात तर आधीपासूनच आहेत. सुट्टीला येताना ती फोन आणतात, आणि इथे सिम घातल्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’ असा मेसेज येतो. तो पहिल्या दोरीने बांधलेला फोन.

आणण्याआधीच तपासायला सांगा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं गेलं की ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ दिसते. तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर फोन मोकळा. नसेल तर तिथल्या कंपनीलाच तो सोडायला सांगावं लागतं, आणि पैसे फिटल्याशिवाय ती सहसा सोडत नाही. इथल्या दुकानात सिमखाली चिप बसवून चालू करून देतात, पण पुढचं अपडेट आलं की ते बंद पडू शकतं. त्यात पैसे घालू नका. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२१ पासून आणि कॅनडात डिसेंबर २०१७ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, त्यामुळे तिथून त्यानंतर घेतलेला नवा फोन सहसा अडत नाही.

अमेरिकेतल्या आयफोनची आणखी एक अडचण आहे. आयफोन १४ पासून तिथल्या फोनला सिम घालायची जागाच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमवर. शहरात चालतं. पण फोन बिघडला म्हणून सिम काढून जुन्या फोनात घालायची गावाकडची सोय त्यात नाही. अँड्रॉइड फोन येत असेल तर त्यात आपल्याकडचे बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, आहेत का बघून घ्या. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं, तर ५जीसाठी जिओ आणि एअरटेल दोघांनाही एन७८ लागतो. वॉरंटी बऱ्याच कंपन्यांची त्या-त्या देशापुरतीच असते.

जुना फोन घेताना

मूळ बिल, *#०६# आणि १४४२२ वरची तपासणी, एवढ्याशिवाय पैसे देऊ नका. ‘ब्लॅकलिस्टेड’ असं उत्तर आलं तर फोन परत द्या. विकणाऱ्याचं गुगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा. फोन हप्त्यावर घेतलेला होता का ते विचारा, आणि होता असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र बघा. हप्ते बाकी असलेला फोन स्वस्तात विकणारे असतात, महिन्याभराने तो तुमच्या हातात लॉक होतो.

लॉक पडला किंवा वसुलीचे फोन सुरू झाले तर

घाबरून कोणाच्या लिंकवर पैसे भरू नका. कर्जाच्या कागदावरचा नंबर लावा, थकबाकी लेखी मागा आणि कंपनीच्याच ॲपवर किंवा कार्यालयात भरा. लॉक उघडून देतो म्हणून ओटीपी मागणारा चोर असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं, शिवीगाळ, धमकी यालाही मनाई आहे. तारीख आणि वेळ लिहून ठेवा, बोलणं रेकॉर्ड करा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुकानदाराने खोटं सांगून फोन विकला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला.

शेवटचा हप्ता भरल्यावर

इथे बहुतेक जण सुस्कारा टाकतात आणि विसरतात. काम अजून बाकी असतं. ना-हरकत पत्र मागा आणि त्याची छापील प्रत बिलाला जोडून ठेवा. मँडेट रद्द झालं का ते बँकेत विचारा. लॉकचं ॲप आपोआप निघतंच असं नाही, ‘डिव्हाइस ॲडमिन’मध्ये ते अजून दिसतं का बघा. दोन-तीन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात कर्ज ‘क्लोज्ड’ दिसतंय का तेही पाहा.

भावाचा शेवटचा हप्ता मे महिन्यात गेला. ॲप निघालं ते दुसरी लेखी विनंती दिल्यावर, बाराव्या दिवशी. पत्राची प्रत मावशीने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. वहिनीसाठी दुसरा फोन त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात, कोयत्याच्या हिशोबातून घेतला. साडेअकरा हजार, नगदी, बिल तिच्या नावावर.